छबूबाईंचा टाका

जीप दारात थांबली तेव्हा कल्याणने आधी उजवा पाय खाली टेकवला, थोडा विचार केला, आणि मग डावा. एरवी हा गडी चालत्या ट्रॅक्टरवरून उडी मारणारा. पण आज त्याची नसबंदी होऊन पुरते तीन तास झाले होते, आणि शेवगावपासून गावापर्यंतच्या एकूण एक खड्ड्याशी त्याची जवळून ओळख झाली होती.

ही गोष्ट जगात चौघांनाच ठाऊक होती. ऑपरेशन करणारे डॉक्टर, गावचा आरोग्यसेवक सहादेव, कल्याणची बायको रुपाली आणि खुद्द कल्याण. पाचव्या माणसाला कळता कामा नये, या एकाच अटीवर तो तयार झाला होता. थोरल्या पार्थच्या वेळी रुपालीचं सीझर झालं, धाकट्या ईश्वरीच्या वेळी पुन्हा झालं, आणि तिच्या अंगातलं रक्त काही केल्या वाढेना. आता तिसऱ्यांदा तिलाच टेबलावर झोपवायचं हे कल्याणला बघवत नव्हतं. बायकोवर जीव होता. पण राहायचं गावातच होतं. नसबंदी केलेल्या पुरुषाला गाव काय काय म्हणतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं, कारण शेजारच्या गावातल्या एका माणसाला ते सगळं तो स्वतःच पारावर बसून म्हणाला होता.

सहादेवची गरज वेगळी होती. गाव त्याला डॉक्टर म्हणायचं, पण सरकार त्याला रकान्यांवरून ओळखायचं. दर वर्षी पुरुष नसबंदीचा पंधरवडा येई, सहादेव दर वर्षी पंचायतीच्या भिंतीवर पोस्टर चिकटवी, आणि दर वर्षी त्याच्या तक्त्यात पुरुषांच्या रकान्यात भोपळा असे. बायकांच्या रकान्यात मात्र जागा पुरायची नाही. मागच्या मीटिंगमध्ये साहेबांनी त्याला उभं करून विचारलं होतं, "तुमच्या गावात पुरुष राहतात ना हो?" तेव्हापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं. आज अकरा वर्षांनी रकान्यात एक आकडा पडला होता, त्यामुळे त्याचा आनंद जीपमध्ये मावत नव्हता.

त्या आनंदातच घोटाळा झाला. जीपचा आवाज ऐकून कल्याणची आई छबूबाई बाहेर आल्या, आणि सहादेवच्या तोंडून फाटकन निघून गेलं, "मावशी, कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालं बघा! एकदम झकास! आता दोन दिवस आराम करायचा. सात दिवस जड उचलायचं न्हाई, मोटारसायकलवर बसायचं न्हाई."

मग त्याला अट आठवली आणि त्याने जीभ चावली. पण कोणाचं ऑपरेशन, ते सांगायचं राहून गेलं होतं. छबूबाईंनीही विचारलं नाही. त्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. या गावात कुटुंब पुरुषाचं असलं तरी नियोजन बाईचंच होत असे.

छबूबाईंनी एकवार जीपकडे पाहिलं, एकवार लेकाकडे पाहिलं, आणि तरातरा जाऊन त्याच्यामागून उतरणाऱ्या सुनेचा दंड धरला. "मला न सांगता गेलीस व्हय गं? चल, हळू. पायरी बघ."

"आत्याबाई, पन माझं न्हाई..." रुपाली बोलायला गेली, तर सासूच्या पाठीमागे कल्याण दोन्ही हात जोडून उभा. ती अडखळली. "माझं न्हाई दुखत एवढं."

"आत्ता न्हाई दुखायचं. सुई उतरली की कळंल. मला इचार!" छबूबाईंनी स्वतःच्या पलंगावर स्वतःची गादी झटकली आणि सुनेला आडवं केलं. मग लेकाकडे वळून म्हणाल्या, "आन तू काय खांबावानी उभा? पिशवी ठेव आन चहा टाक."

"मी?"

"मग काय तिनं टाकायचा? टाके हायती तिला!"

कल्याण हळूहळू पावलं टाकत स्वयंपाकघरात गेला. ज्याचं ऑपरेशन झालं तो चहा उकळत होता, आणि जिचं झालं नाही तिच्या पायाखाली उशी होती. दाराआडून सहादेवने खुणेनं विचारलं, खरं सांगू का? कल्याणने हातातली सांडशी अशी काही उगारली, की सहादेव जीपमध्ये जाऊन बसला.

छबूबाईंना या विषयातलं सगळं कळतं, असं गाव मानत होतं, कारण छबूबाईंचा टाका गावात प्रसिद्ध होता. एक्क्याण्णव साली, कल्याण दोन वर्षांचा असताना त्यांचं ऑपरेशन झालं, असं सगळे सांगत. त्या काळात घरोघरी पाच-सहा पोरं असायची. सूर्यभानच्या घरी मात्र थोरली सत्यशीला आणि धाकटा कल्याण, एवढ्यावर पाळणा थांबला. तेव्हापासून आभाळ भरून आलं की छबूबाईंचा टाका दुखे. टाका दुखला की त्या आडव्या होत, आणि त्यांचे मालक सूर्यभान मुकाट्यानं हंडा घेऊन चौकातल्या नळावर जात. मोबाईलवरचा हवामानाचा अंदाज चुकला तरी गावाला चालायचं. सूर्यभान हंडा घेऊन दिसले, की लोक उघड्यावरच्या कापसावर ताडपत्री टाकायचे.

हे सूर्यभान म्हणजे गावातले पहिले. पहिली बोअर त्यांची, पहिला रंगीत टीव्ही त्यांचा, पहिलं ठिबकही त्यांचंच. कुणी नवीन काही आणलं की ते पारावर शांतपणे सांगत, "आमच्याकडं हे चार साल आधीच झालं." एकदा सरपंच वैजनाथच्या पित्ताशयात खडे निघाले, तर सूर्यभानांना दोन दिवस चैन नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून बायका भेटायला येऊ लागल्या. ऑपरेशनवालीला रिकाम्या हाताने भेटायचं नाही, हा रिवाज. शेवया आल्या, खोबरं आलं, साजूक तूप आलं. शेजारच्या चांगुणाबाईंनी डिंकाचे लाडू करून आणले, ते छबूबाईंनी फडताळातल्या मोठ्या स्टीलच्या डब्यात भरले आणि डबा नेहमीसारखा एक बाजू भिंतीकडे करून पलंगाशेजारी ठेवला.

"किती टाके गं?" चांगुणाबाईंनी रुपालीला विचारलं.

रुपालीने नवऱ्याकडे पाहिलं. तो चहाचे कप घेऊन उभा होता. तिला हसू आवरेना. "मोजले न्हाई, मावशी."

"मोजायला सुद कुटं असती!" छबूबाईंनी सूत्रं हातात घेतली. "माझ्या येळंला तर..." आणि मग एक्क्याण्णव सालचं ऑपरेशन पहिल्यापासून सुरू झालं. बायकांना ते पाठ होतं, तरी योग्य त्या जागी सगळ्या हळहळल्या.

कल्याणने एका लाडवाकडे हात नेला, तर आईने फटकन चापट मारली. "पुरुषाला काय करायचाय डिंक? जा, अजून दोन कप टाक."

रात्रंदिवस राबणाऱ्या रुपालीला पहिले दोन दिवस पलंगावर चोरट्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी तिला दुपारची झोप लागली. चौथ्या दिवशी तिने कूस बदलून हाक मारली, "अहो, चहात साखर कमी हाय." कल्याणने दात खात साखर आणली.

त्याच दुपारी लाडू काढताना तिच्या हातून डबा फिरला आणि भिंतीकडची बाजू समोर आली. त्या बाजूवर नाव कोरलेलं होतं. भांड्यावर नाव कोरणं आपल्याकडे नवीन नाही, पण रुपालीने ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि पदर तोंडात कोंबून ती एवढी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. नेमक्या चांगुणाबाई आत आल्या.

"लई दुखतंय का गं?"

रुपालीने कशीबशी मान डोलावली आणि डबा होता तसा भिंतीकडे फिरवला. काय वाचलं ते तिने कुणाला सांगितलं नाही. आपणही थोडा दम धरू.

पाचव्या दिवशी कापूस न्यायला टेम्पो आला. गोण्या भरायला गल्लीतले चार गडी जमले, त्यात कल्याणचा जिवलग मित्र गोरक्ष. गोणी उचलावी तर डॉक्टरांनी सांगितलेलं आठवत होतं, न उचलावी तर काय कारण सांगावं? त्याने देवाचं नाव घेऊन पहिल्या गोणीला हात घातला, तोच ओसरीवरून छबूबाई कडाडल्या, "सोड ती गोनी! तुला काय येतंय भरायला! हितं दूध उतू चाललंय!"

"आई, हे काम..."

"आत ये म्हनते ना!"

चार गड्यांसमोर कल्याण मान खाली घालून दूध बघायला गेला. दूध काही उतू चाललं नव्हतं. बाहेर पासष्टीच्या सूर्यभानांनी कोणाशी काही न बोलता ती गोणी पाठीवर घेतली. म्हातारा गोण्या वाहतोय आणि पैलवान लेक गॅसपुढे उभा, ही बातमी टेम्पोच्या आधी गावात पोचली.

संध्याकाळी गोरक्ष मोटारसायकल घेऊन आला. "चल, शेवगावला जाऊन येऊ."

"नको."

"का रं?"

"रुपालीकडं बघाया लागतं."

"मागं बस नुसता. अर्ध्या तासात परत."

"न्हाई म्हनलं ना!" कल्याण असा दचकून मागे सरकला की गोरक्ष त्याच्याकडे बघतच राहिला.

सातव्या दिवशी ग्रामसभा होती. मारुतीच्या देवळापुढच्या मांडवात, म्हणजे कल्याणच्या घरापासून चाळीस पावलांवर. आरोग्य केंद्राच्या नव्या डॉक्टर यशोधरा मॅडम शाल आणि नारळ घेऊन आल्या होत्या. सहादेवचा तक्ता त्यांच्याच सहीने पुढे जायचा, म्हणून त्यांना नाव कळलं होतं; ते सांगायचं नाही, अशी गळ सहादेवने त्यांना घातली होती. त्यांनीही ती मानली होती. पण कौतुक केल्याशिवाय त्यांना राहवेना.

"मला आज फार आनंद होतोय," माईकवर मॅडम म्हणाल्या. "या गावातल्या एका पुरुषानं बायकोच्या तब्येतीचा विचार करून स्वतः शस्त्रक्रिया करून घेतली. त्यांची इच्छा नसेल तर मी नाव घेणार नाही. पण गावात असं करणारा हा पहिला पुरुष. त्याच्यासाठी टाळ्या!"

टाळी एकही वाजली नाही. मग पुरुषांच्या बाजूला हळूच हालचाल सुरू झाली. मांडी घालून बसलेल्यांनी मांडी आणखी घट्ट घातली. भिंतीला टेकलेले ताठ झाले. एक जण उगाचच उठला, मांडवाबाहेरची गटार उडी मारून ओलांडून गेला आणि तशीच उडी मारून परत आला. ते बघून आणखी तिघांना गटारीपलीकडे काम निघालं.

"कोन हाय रं त्यो बहाद्दर?" सरपंच वैजनाथने मिशीवर हात फिरवत विचारलं. "आपल्यात बसलाय आन आपल्याला ठाव न्हाई!"

"आपल्यात खुर्चीवर कोन बसलंय, ते बघा," मागून कुणीतरी म्हणालं.

सतरंजीवर सगळं गाव होतं. खुर्चीवर सरपंच, मॅडम, आणि कडेला, खाली उशी घेऊन, कल्याण. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. गोरक्षच्या डोक्यात मात्र आता एक एक गोष्ट जुळायला लागली होती, आणि गोरक्षचं डोकं चालायला लागलं की तोंडही चालायचं.

"आठ दिस झालं, ह्यो मोटारसायकलवर बसंना," तो म्हणाला. "गोनी उचलंना. चालतोय बी जपून जपून..."

सगळ्या माना वळल्या. कल्याणला वाटलं, आत्ता धरणी फाटावी. पारावर तो दुसऱ्याला जे जे बोलला होता, ते सगळं आता सव्याज परत येणार होतं. सहादेवने डोळे मिटून घेतले.

आणि मांडवाच्या मधोमध सूर्यभान उठून उभे राहिले.

"मॅडम, तुमचं एक चुकतंय."

"काय चुकलं, काका?"

"तुमी म्हनला, पहिला. पहिला त्यो न्हाई." सूर्यभानांनी टोपी नीट केली. "पहिला मी हाय."

वैजनाथ हसायला लागला. "आण्णा, ही काय बोअर हाय का?"

"एक्क्याण्णव साली. पाथर्डीच्या शिबिरात. बाळंतपनात हिचे लई हाल झाले हुते, म्हनून मीच गेल्तो. आन तवा आजच्यावानी बिनटाक्याचं नव्हतं. दोन टाके पडले हुते, दोन!" सूर्यभानांनी दोन बोटं सगळ्या मांडवाला फिरवून दाखवली. तेहतीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट लेकाला वाचवायला बाहेर पडली, की 'पहिला' हा शब्द सहन न होऊन बाहेर पडली, ते मारुतीरायालाच ठाऊक.

"पन आण्णा," बायकांतून चांगुणाबाईंचा आवाज आला, "मग छबूवहिनीचा टाका?"

आता सगळ्या माना बायकांकडे वळल्या. छबूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत मांडवाचं कापड निरखून बघत होत्या. तेहतीस वर्षांचा आभाळातला हिशेब बायकांच्या चेहऱ्यावर उमटत गेला. ज्यांनी ज्यांनी त्या टाक्याला गरम विटेचा शेक दिला होता, त्या तर एकमेकींकडे बघत राहिल्या.

"ह्ये काय खरं वाटंना," वैजनाथ म्हणाला. "आण्णांना काय, कशातबी पहिलं यायचं असतं. पुरावा पायजे!"

पुरावा चालत आला. घरातून माईकवरचा शब्द न् शब्द ऐकणारी रुपाली तो मोठा स्टीलचा डबा कमरेवर घेऊन तडातडा मांडवात शिरली आणि डबा मॅडमच्या पुढ्यात ठेवला, भिंतीकडची बाजू समोर करून. मॅडमनी चष्मा लावला आणि माईकवर वाचलं, "श्री. सूर्यभान यांस पुरुष शस्त्रक्रिया शिबिरात सप्रेम भेट, १९९१."

"अगं रुपाली!" चांगुणाबाई किंचाळल्या. "एवढा जड डबा! टाके तुटतील!"

रुपाली थबकली. ती भरात आली होती, आणि आपण आजारी आहोत हे साफ विसरली होती. सगळं गाव तिच्याकडे बघत होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. गेले सात दिवस त्याने तिच्यासाठी केलेला चहा तिला आठवला, आणि खोटं बोलायचा तिला एकदम कंटाळा आला.

"मला टाकाच न्हाई, मावशी," ती म्हणाली.

कल्याणने बापाकडे बघितलं. म्हातारा दोन बोटं अजून तशीच धरून, छाती काढून उभा होता. कल्याण खुर्चीवरून उठला. आधी उजवा पाय, मग डावा.

"दुसरा मी हाय," तो म्हणाला.

कुणी हसेल म्हणून तो थांबला. पण बाप-लेक दोघांवर एकदम हसायचं तर कुणाकडे बघून हसावं, हे गावाला कळेना. तेवढ्यात सहादेवने जिवाच्या कराराने टाळी वाजवली, बायकांनी ती उचलली, आणि मांडव दणाणून गेला. अडचण फक्त शालीची आली. शाल एकच होती. मॅडम ती कल्याणच्या खांद्यावर घालायला गेल्या, तर सूर्यभान मध्ये येऊन उभे राहिले. "मान पहिल्याचा," ते म्हणाले. शाल त्यांनी घेतली, नारळ लेकाला दिला.

मांडव मोडता मोडता तीन बापे सहादेवला कोपऱ्यात घेऊन गेले. तिघांनीही विचारलं ते मित्रासाठी विचारलं.

घरी आल्यावर रुपालीने भीत भीत सासूचे पाय धरले. "आत्याबाई, तुमचा डबा मी चव्हाट्यावर आनला. चुकलं."

"उठ. डब्याला ऊन-वारं लागलं, चांगलंच झालं."

"तुमाला यांचं कळलं हुतं?"

"जीपमधनं उतरला तवाच. ह्याचा बापबी आसाच उतरला हुता, आधी उजवा, मग डावा."

"आन मला आठ दिस चहा करायला लावला!" कल्याण ओरडला.

"चहाच ना? गोनी उचलू दिली का?" छबूबाई म्हणाल्या. मग सुनेकडे वळून त्यांनी आवाज खाली आणला. "धा वर्सांत तुला दिवसा आडवी झालेली मी बघितली न्हाई. मलाबी त्या टाक्याच्या नावानं तेवढं झोपायला मिळालं. बाई दमली म्हनलं तर कोन झोपू देतंय? म्हनलं, मिळतंय तर झोपू दे पोरीला." रुपालीने डबा उघडून एक लाडू सासूला दिला, आणि एक, उशिरा का होईना, नवऱ्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडलं होतं. पलंगावर छबूबाई पडल्या होत्या आणि खाली अंथरुणावर रुपाली. छबूबाईंनी खिडकीतून बाहेर बघितलं.

"आभाळ आलंय गं."

रुपालीनेही बघितलं. "व्हय, आत्याबाई. लई आलंय."

कल्याण अंगणात जाऊन चारी बाजूंनी बघून आला. "कुटं हाय आभाळ? आन आता कुनाचा टाका दुखतोय? सगळ्या गावाला कळलंय की!"

सूर्यभान खांद्यावरची शाल सावरत उठले. त्यांनी एक हंडा स्वतः घेतला आणि दुसरा लेकाच्या हातात दिला.

"तेहतीस वर्सं झाली, मी इचारलं न्हाई," ते म्हणाले. "तू आठ दिसांत इचारतो व्हय? चल."

डोक्यावर निळंशार आभाळ घेऊन बाप-लेक नळाकडे निघाले. त्यांना हंड्यांसकट येताना बघून गोरक्षने एकदा वर पाहिलं, एकदा त्या दोघांकडे पाहिलं, आणि घराकडे धावत सुटला. घटकाभरात सगळ्या गावाने कापसावर ताडपत्र्या टाकल्या होत्या.